उसवबाईंचे आठ ठोकळे

पहिल्या भेटीत महानंदाबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला रुजू होत होते. स्टाफरूममधून एक उंच, सावळ्या बाई उठून आल्या, माझ्या पदराचं टोक हातात घेतलं, उलटं केलं आणि काठाची शिवण डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. कुणी शिवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मीच. "उसव," त्या म्हणाल्या आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. माझं नाव-गाव त्यांनी आठवड्याने विचारलं.

त्या शाळेत शिवण शिकवायच्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि काळ्या दोऱ्यात अडकवलेली बोटभर कातर. मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि फार चिडल्या की दोन्ही एकदम. कुठलंही शिवलेलं कापड त्या आधी उलटं करत. "वरनं काय, शेंबडं पोरगंबी बरं दिसतंय," म्हणायच्या. "उलटं करून दाव की." उलट्या बाजूला एखादा दोरा लोंबताना दिसला की अर्धं ब्लेड त्या मुलीच्या हातात द्यायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "उसव." दुसऱ्यांदा चुकलं तर कानडीत, "बिच्चु." अर्थ तोच, धार जास्त. मुली त्यांना उसवबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं.

माझ्या नशिबाने मला भाड्याची खोलीही त्यांच्या शेजारचीच मिळाली. मधली भिंत एकच. पलीकडच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट चाले आणि अलीकडे बाईंच्या मशीनचा. मी एक उशीचा अभ्रा शिवला होता, तो त्यांनी माझ्याकडून तीनदा उसवून घेतला. अभ्रा! त्यावर मीच डोकं ठेवणार होते. मी चिडून तो पायपुसणं म्हणून टाकला, तर त्यांनी पायपुसणंही उलटं करून पाहिलं.

त्यांची एकुलती एक मुलगी विजू. यजमान लवकर गेले, तेव्हा बाईंनी ब्लाउज शिवून आणि शाळेची नोकरी करून तिला शिकवलं. मी आले तेव्हा ती लग्न होऊन कॅनडात होती. तिची गोष्ट मला स्टाफरूममध्ये एका जुन्या बाईंनी हसत हसत सांगितली. विजू आठवीत आईच्याच वर्गात होती. परीक्षेसाठी झबलं शिवायचं होतं. महानंदाबाईंनी सगळ्या वर्गासमोर लेकीचं झबलं उलटं केलं आणि उसवायला लावलं. तिने पुन्हा शिवलं. पुन्हा उसव. तिसऱ्यांदा पोरीने ते झबलं आईच्या टेबलावर ठेवलं आणि वर्गातून निघून गेली. त्यानंतर तिने सुईला हात लावला नाही. बटण तुटलं तरी शेजारणीकडे जायची. सांगणाऱ्या बाई हसत होत्या. मला काही हसू आलं नाही, कारण माझा अभ्रा आठवला.

विजूला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाईंनी आपल्या सगळ्यात मऊ, विटलेल्या दोन इरकली साड्या काढल्या. आमच्याकडे पहिलं दुपटं आजीच्या जुन्या लुगड्याचंच हवं. बाळाच्या अंगाला नवं कापड बोचतं, आणि आजीचा हात लागलेला बरा. दुपटी, टोपडी, कुंच्या, सगळा बाळंतविडा त्यांनी मनात मांडून ठेवला होता. तेवढ्यात विजूच्या नवऱ्याचे एक मित्र कॅनडाहून बार्शीला आपल्या घरी महिनाभर आले आणि वाटेत बाईंना एक खोकं देऊन गेले. सोबत विजूचा निरोप होता. आईला सांगा, दुपटी पाठवू नकोस, इथे दुकानात सगळं मिळतं. काही करायचंच असेल तर हे खोक्यातलं पूर्ण कर. मला जमेना.

बाईंनी दुपट्यांच्या साड्या घडी करून ट्रंकेत ठेवल्या. खोकं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "इंग्रजी वाच."

तिकडे गोधड्यांचं सामान विकणारी दुकानं असतात म्हणे. तसल्याच एका दुकानातलं ते तयार सामान होतं. रंगीत चित्रांची कापडं, कडक अस्तर, आत भरायचा पांढरा कापूस आणि कृतीचा कागद. कापडाचे आठ छोटे ठोकळे शिवायचे आणि ते पट्ट्यांच्या बिजागऱ्यांनी एकमेकांना असे जोडायचे, की मिळून एक मोठा ठोकळा व्हावा. तो उलगडला की लांबट पेटी, ती उलगडली की पाट, पुन्हा दुमडला की ठोकळा, पण आता बाहेर निराळीच चित्रं. बाळाने बसून उलगडत राहावं. आठातला एक ठोकळा विजूने शिवलेला होता. पिवळा, बदकांचा. भरायला ठेवलेलं तोंड तिने हिरव्या दोऱ्याने बंद केलं होतं, गव्हाएवढे टाके आणि शेवटी बोराएवढी गाठ. बाईंनी तो हातात घेतला, सवयीने उलटा करायला गेल्या, पण भरलेला ठोकळा उलटा कसा होणार? "ही कसली तऱ्हा," त्या म्हणाल्या. "उलटी बाजू आतच गाडून टाकायची."

त्या ठोकळ्यांनी आम्हा दोघींना छळलं. कागदावर बाण होते, तुटक रेघा होत्या, आणि इंग्रजी असं होतं की मी एम.ए. असूनही मला एकेक ओळ चार वेळा वाचावी लागे. मी वाचून मराठीत सांगायची, बाई शिवायच्या, मग म्हणायच्या, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचायची आणि मराठी निराळंच निघायचं. "तुझ्या इंग्रजीचा शेवट तरी कुटं हाय?" एकदा त्यांनी विचारलं. मी कागद फेकून घरी आले. दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही एकमेकींशी बोललो नाही आणि संध्याकाळी मी निमूट पुन्हा जाऊन बसले. बार्शीचे पाहुणे परत निघायच्या आत हे व्हायला हवं होतं. दुसरं कुणी जाणारं नव्हतं, आणि लेकीच्या बाळंतपणाला बाईंकडून जाणारं हे एवढंच होतं.

त्यांनी सात ठोकळे शिवले. आतली, कुणालाच न दिसणारी बाजूसुद्धा अशी, की बघत राहावं. मग जोडणी आली. कागद म्हणत होता, अमुक कडा शिवा आणि तमुक मोकळ्या सोडा. मोकळ्या सोडा म्हटल्यावर बाईंचं तोंड बदललं. दुपट्याची कड कधी मोकळी ठेवत नाहीत, बाळाचं बोट अडकतं, दोऱ्याने आवळलं जातं. शिवाय बाळाच्या आजीने अर्धवट शिवलं असं लोक म्हणतील. मी सांगत राहिले की ते दुपटं नाही. त्यांनी ऐकलं नाही. सगळ्या कडा चहूबाजूंनी हातशिलाईने बंद केल्या आणि मोठा ठोकळा माझ्या पुढ्यात ठेवला. तो उलगडेना. उलगडणार कुठून? भक्कम, देखणी वीट झाली होती.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, "उसवा."

आयुष्यात त्यांना हा शब्द कुणी म्हटला नसावा. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग ब्लेड उचललं. सांधे उसवून, कागदाप्रमाणे नेमक्या कडांना बिजागरीच्या पट्ट्या लावून त्यांनी पुन्हा जोडलं. आता तो उलगडला. पण दुमडताना मध्येच अडायचा. एका कोपऱ्यात खड्डा पडे आणि शेजारचा ठोकळा त्यात घसरून तिरका बसे. रविवारची पूर्ण दुपार आम्ही तो उघडत आणि मिटत बसलो. पत्र्याखाली घामाच्या धारा लागल्या होत्या. शेवटी मी पट्टी लावून मोजलं. विजूचा ठोकळा बाकीच्यांपेक्षा लहान होता. शिवणीत तिने कापड जास्त घेतलं होतं.

मला हायसं वाटलं. चूक सापडली होती, आणि तीही आमची नव्हती. मी म्हटलं, बाई, हा एवढा एक उसवा आणि नीट शिवा. तासाभराचं काम आहे. ब्लेड मीच पुढे केलं.

"त्याला हात लावू नको," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, अहो पण तोच तर चुकलाय.

"मला दिसत न्हाय व्हय? पयल्यांदा अडला तवाच कळलं." मग ठोकळ्याच्या हिरव्या टाक्यांवर अंगठा ठेवून म्हणाल्या, "आठवीपासनं तिनं सुई धरली न्हवती. आता धरली हाय. आनि मी काय करू, ह्याला बी ब्लेड लावू?"

त्यांनी माझ्या हातातून ब्लेड घेतलं आणि आपले सात ठोकळे उसवायला बसल्या. ते सात देखणे ठोकळे! मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, पाहुणे येऊन ठेपलेत, वेळ कुठे आहे, नीट असलेलं उसवून चुकलेल्याच्या मापाचं कोण करतं? त्या म्हणाल्या, "मी करते." शाळेत त्यांनी रजा टाकली, जी टाकताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बदकांच्या ठोकळ्याला त्या फक्त मोजायला हात लावत. त्याच्या मापाने एकेक ठोकळा लहान झाला. हिरव्या टाक्यांची कड बिजागरीच्या पट्टीखाली गेली. पाहुणे दारात टांगा थांबवून उभे होते तेव्हा शेवटची पट्टी लागली, आणि ठोकळा त्यांच्या हातात देण्याआधी बाईंनी तो एकदा उलगडला, दुमडला. पाण्यासारखा फिरला.

टांगा गेल्यावर त्यांनी मला बजावून शब्द घेतला. "ह्यातलं विजूला काई कळवायचं न्हाय. सात उसवले म्हनून सांगितलंस, तर तिचा लहान झाला हुता हेच सांगितल्यागत हुईल."

मुलगा झाल्याची तार आली, आणि पुढे विजूचं पत्र. त्यात ठोकळ्याबद्दल एकच ओळ होती, ठोकळा पोचला, छान आहे. बाईंनी ते मला वाचायला दिलं. मी उलटसुलट करून पाहिलं, आणखी काही लिहिलंय का. मला विजूचा राग आला. दोन शब्द जास्त लिहिले असते तर काय शाई संपली असती? आणि बाईंचाही आला, कारण त्या ओठ मिटून बसल्या होत्या. मी म्हटलं, मी लिहिते तिला. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "छान म्हनली की. आनि काय पायजे?" पण पुढचं प्रत्येक पत्र त्या आधी भराभर चाळायच्या आणि मग पहिल्यापासून वाचायच्या. ठोकळ्याचं नाव पुन्हा आलं नाही.

पोर चालायला लागलं, बोलायला लागलं, आणि एका उन्हाळ्यात शाळा सुटताना बाई वर्गातच खुर्चीवर कलल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. विजूला यायला उशीर झाला. ती आली तेव्हा दिवसकार्य उरकून गेलं होतं. मुलगा कडेवर, आणि मुलाच्या हातात तो ठोकळा. रंग उडाला होता, कोपरे मळले होते. पोर जमिनीवर बसून तो उलगडत होतं.

विजू आईच्या मशीनपाशी बसली होती. आई गेल्याचं बोलता बोलता ती ठोकळ्याकडे पाहून म्हणाली, "याचा फार लळा आहे त्याला. मला मात्र हातात घ्यावासा वाटत नाही. तो बदकांचा मी शिवला होता. कसाबसा, लहान-मोठा झाला होता. तो आता बघा, बाकीच्यांशी तंतोतंत जुळतो. तिने तोही उसवला." मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तेवढा एक तरी राहू देईल."

मला असा संताप आला की सांगता येत नाही. कुणाचा, तेही कळेना. एक बाई तोंड मिटून गेली, तिची लेक मनात अढी धरून राहिली, आणि मी मधे शब्द दिल्यामुळे बांधलेली. ज्यांना शब्द दिला त्या आता नव्हत्या. मी मशीनचा खण ओढला. कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड तिथेच होतं. ते विजूच्या हातात दिलं, ठोकळा पोराकडून घेतला आणि बदकांच्या कडेची पट्टी तिला दाखवली.

"उसव," मी म्हटलं.

ती दचकली. मग तिने एकेक टाका कापला. पट्टी सुटली. खाली हिरवा दोरा होता, उन्हाची झळ न लागलेला, जसाच्या तसा हिरवा. गव्हाएवढे टाके, आणि शेवटी ती बोराएवढी गाठ. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, सात ठोकळ्यांचं, रजेचं, टांग्याचं. विजू ऐकत होती आणि अंगठा त्या गाठीवरून काढत नव्हती. मग तिला रडू फुटलं. दिवसकार्याच्या वेळी ती रडायला इथे नव्हती, तेही बहुधा त्यातच होतं.

पोर ठोकळा मागायला लागलं. मी सुई-दोरा घेऊन पट्टी लावायला बसणार होते, पण विजूने माझ्या हातातून सुई घेतली. तिला दोरा ओवायला वेळ लागला. पोर तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं, आणि तिने बसून ती पट्टी पुन्हा शिवली. टाके वेडेवाकडे पडले. शिवून झाल्यावर तिने ठोकळा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला, उलटा न करता पोराच्या हातात दिला.