गरम सांधा

ऑफिसात सगळे त्याला कोरडेबुवा म्हणत. केबल जोडायला बसलेल्या प्रत्येकाचे कान त्याने "आधी हात कोरडे कर" म्हणून किटवले होते. तारेभोवती कागदाचे वेढे गुंडाळताना घाम आत गेला, तर ती ओल वर्षानुवर्षं वीज खात बसते. दिव्यापर्यंत पोहोचायची वीज वेष्टणातच मुरते आणि तिची नुसती ऊब होते. हे सांगता सांगता त्याचं वय झालं होतं, गुडघे गेले होते, आणि आता बोलायचंही जिवावर यायचं.

इस्पितळाची मुख्य केबल दुरुस्तीला निघायची होती. उद्यापासून सगळा भार जुन्या, राखीव केबलवर येणार, म्हणून ती बंद करून तपासायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने टोकं पुसली, वेष्टणात किती वीज मुरते ते दाखवणारं यंत्र जोडलं. काटा भलताच वर गेला. टोकांवरची ओल कधी कधी असं फसवते, म्हणून त्याने पुन्हा पुसली, मग तिसऱ्यांदा. काटा काही हटेना. शेवटी केबल अर्थ करून, म्हणजे तिच्यातली उरलीसुरली वीज जमिनीत सोडून, तो कण्हत केबलच्या भुयारात उतरला. केबल सगळीकडे गार होती. शिडीखालचा सांधा मात्र अजूनही हाताला गरम लागला.

तो सांधा त्यानेच केला होता. सव्वीस वर्षांपूर्वी मुलगी झाल्याचा निरोप आला, तेव्हा निम्मे वेढे बाकी होते. घामेजल्या हातांनीच ते कसेबसे उरकून तो पळाला होता. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

वर इंजिनिअर वाट पाहत होता. "हवा दमट होती, आकडा भरवशाचा नाही, असं लिहा आणि मोकळे व्हा. दोन महिन्यांनी रिटायर होताय, कशाला झेंगट?"

कोरडेबुवाला खरंच मोकळं व्हायचं होतं. घरी जाऊन पाय पसरायचे होते.

"नाही साहेब. टोकं कोरडी आहेत, केबलच खराब आहे. शिडीखालचा सांधा गरम लागतोय. हिच्यावर इस्पितळ टाकू नका."

इंजिनिअरने कपाळावर हात मारला. "म्हणजे महिनाभराची तयारी पाण्यात! कोणत्या गाढवाने केला होता हा सांधा?"

"मीच," कोरडेबुवा म्हणाला. "घाईत होतो. हातही पुसले नाहीत."

कोरडेबुवाने कागद ओढला, 'नापास' लिहिलं आणि सही केली. त्याला भयंकर लाज वाटत होती, पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच हायसंही वाटत होतं.