ओल्या कोपऱ्यांचा गठ्ठा

अहमदपूरच्या शाळेत मी मराठी शिकवते. इतिहासाचे सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, स्वभावानं प्रेमळ. पण त्यांनी तपासलेले चाचणीचे पेपर बेरीज पडताळायला माझ्याकडे आले की मला ते हातात घेणं नको व्हायचं.

सर प्रत्येक पानाला अंगठा जिभेवर फिरवत. तोंडात कायम तंबाखू. पानांचे कोपरे ओले, तपकिरी, आणि वाळले की पापडासारखे कडक. वास तर असा, की त्या दिवशी डबा उघडावासा वाटायचा नाही. मी पेन्सिलीच्या टोकानं पानं उलटायची आणि तरी तीनदा हात धुवायची.

एकदा धीर करून म्हटलं, "सर, थुंकी नका ना लावू. आजार पसरतात."

"म्याडम, तीस वर्षं झाली, अशीच पानं उलटून राहिलो. मेलं का कोणी? लई सोवळ्याच्या तुम्ही!"

स्टाफरूम हसली. मी दुसऱ्या दिवशी डबीत ओला स्पंज आणून त्यांच्यापुढं ठेवला. सरांनी आधी अंगठा चाटला, मग स्पंजावर दाबला. "दोन्ही लावलं की पान झटकन उलटतं." तो स्पंज मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकला.

पुढच्या चाचणीचे पेपर वाटले तेव्हा नववीतल्या एका मुलीनं आपला पेपर हातात घेतला, वास घेतला आणि कोपरा ओढणीनं पुसला. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मधल्या सुट्टीत मी माझ्या वर्गाच्या वह्या घेऊन सरांच्या समोर बसले. अंगठा चाटला, पान उलटलं. पुन्हा चाटला, पुन्हा उलटलं. जिभेवर खडू, शाई आणि कुणाच्या तरी डब्यातल्या तेलाची चव आली. ओकारी दाबत पाच-सहा पानं केली आणि ती वही त्यांच्यापुढं ठेवली. "सर, एवढी बघता का?"

त्यांनी हात मागं घेतला. "म्याडम, हे काय! उष्टं..." आणि थांबले. मग खिशातून रुमाल काढून त्यानं कोपरा धरत वही बाजूला सारली. त्यांच्या चेहऱ्यावर तीच शिसारी होती.

कोणी हसलं नाही. मी नळावर जाऊन बराच वेळ चुळा भरत राहिले.

आता सर नवा स्पंज वापरतात. मी खोलीत असले की.