पाऊण हात लुगडं

सकाळच्या एसटीने मी आणि माझे धाकटे दीर मोहाडीहून निघालो. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (भातखाचरं) होत्या. भाऊजींना गाडी लागली. ते दोनदा ओकले.

ग्रामजीवनाच्या संग्रहालयात चाललो होतो, पण बघायला नाही. माझे मालक विणकर. ते गेले तेव्हा मागावर कोशाचं (टसर रेशमाचं) लुगडं पाऊण हात बाकी होतं. आमच्या घरची रीत अशी, की मेलेल्याचं अर्धं कापड घरच्याच पुरुषाने वर्षश्राद्धाआधी पुरं करायचं. बाईने कांड्या (धोट्यातल्या धाग्याच्या नळ्या) भराव्या, मागावर बसू नये. मी लेकीकडे लाखांदूरला असताना मुलाने माग कापडासकट संग्रहालयाला देऊन टाकला. आता श्राद्धाला चार दिवस उरले होते.

पहिल्या खोलीत नांगर, जातं, ढोली (धान साठवायची कणगी) मांडली होती. यातल्या निम्म्या वस्तूंनी माझी कंबर मोडली आहे. मी थांबले नाही.

पुढच्या खोलीत आमचा माग होता. त्यावर प्लास्टरचा माणूस मांडी घालून बसवला होता. मांडी घालून विणणारा मी जन्मात पाहिला नाही.

"आजी, हात नका लावू जी," राखणदार म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने दाराकडे पाहिलं आणि प्लास्टरचा माणूस उचलून बाजूला ठेवला. "दहा मिनिटं. साहेब जेवाले गेले."

भाऊजी बसले आणि तसेच राहिले. "वहिनी, पाय कुठी टाकू?"

आमचा माग खड्ड्याचा. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या दाबतो. तेव्हा ताण्याचे धागे उघडतात आणि धोटा पार जातो. इथे पावड्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या.

"खाली विटा देऊ काय?" राखणदाराने विचारलं.

"विटा माह्या डोक्यात दे! खड्डा लागते, बावा."

"फरशी फोडली त माही नोकरी जाईन."

ते खरं होतं. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "कापून नेऊ काय?"

"कापायचंच असतं त तुमाले कायले आणलं असतं?"

राखणदाराने प्लास्टरचा माणूस परत बसवला.

स्टँडवर तर्री-पोहे घेतले. भाऊजींनी खाल्ले नाहीत. मी दोन्ही प्लेटा संपवल्या.

घरी मागाचा खड्डा मुलाने मुरूम टाकून बुजवला आहे. वर फरशी आणि फरशीवर फ्रिज. मी म्हटलं, "फ्रिज हलव, फरशी फोड. माग परत आणू."

मुलगा म्हणाला, "आई, बाबाचं श्राद्ध तोंडावर हाय. पाहुणे येतेत. आता फोडाफोड कायले करते?"

माग नेणाऱ्यांनी खड्डा नेला नाही आणि आम्ही तो ठेवला नाही. श्राद्धाचे वडे मीच तळले. सगळ्यांनी पोटभर खाल्लं. लुगडं पाऊण हात बाकीच आहे.