उरलेली दोन वर्षं

माझ्या वडिलांना, म्हणजे आमच्या तात्यांना, सरकारनं दोन वर्षं आधीच घरी बसवलं. सरकारचा त्यात काही दोष नाही. दोष असलाच तर तात्यांच्या हातांचा. त्यांच्या लहानपणी जन्माचा दाखला कुणाकडं नसायचा. पोरगं शाळेत आणलं की गुरुजी सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. धरता आला की पोरगं सहा वर्षांचं. माझी आजी खुरपायला जायची, घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून थोरल्या भावाबरोबर तिनं तात्यांनाही नेऊन उभं केलं. वय अवघं चार. पण हात मुलखाचे लांब, त्यात गड्यानं मान जरा तिरकी केली आणि धरला की कान! गुरुजींनी मागची दोन वर्षं जास्तीची लावून एक जून ही जन्मतारीख टाकली आणि पुढच्या पोराला बोलावलं.

तीच तारीख नोकरीच्या कागदांवर गेली. त्यांच्याच बरोबरीचा, एकाच दिवाळीत जन्मलेला चुलतभाऊ साखर कारखान्यात खुशाल कामावर जात होता आणि इकडं तात्यांना शाल, श्रीफळ, फेटा देऊन शाळेनं निरोप दिला. जूनमध्ये शाळा भरली त्या दिवशी तात्यांनी नेहमीसारखा पांढरा शर्ट घातला आणि सायकल बाहेर काढली.

आई म्हणाली, "अवो, कुठं निघालात?"

"शाळेत."

"आता कसली शाळा?"

"माझी दोन वर्षं बाकी हायेत की!"

आईनं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. मी तेव्हा इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेवर शिक्षिका होते. वाटलं, आठ दिवस जातील आणि कंटाळतील. कसले कंटाळताहेत! पणदऱ्याच्या पुढं कालव्यापलीकडं वस्तीवरची ती जिल्हा परिषदेची शाळा. चार वर्ग, दोन शिक्षकांच्या जागा, आणि तात्यांची जागा अजून रिकामीच. राहिलेल्या एकट्या शिक्षकाला हे हवंच होतं. तात्या व्हरांड्यात पोतं टाकून बसायचे आणि ज्यांना वाचता येत नाही अशी पोरं जवळ घ्यायचे. पगार नाही, हजेरी नाही.

पुढं ते वारल्यावर भेटायला आलेली माणसं म्हणायची, गुरुजींनी घरादाराकडं बघितलं नाही, सारं आयुष्य शाळेला दिलं. मला असा राग यायचा! कुणी सांगितलं बघितलं नाही म्हणून? सकाळी आई डेअरीला दूध घालायच्या घाईत गोठ्यात असायची, तेव्हा माझ्या वेण्या तात्या घालायचे. इतक्या घट्ट, की दुपारपर्यंत डोळे ताणलेले राहायचे. आईचे सांधे धरले तेव्हापासून तिची लुगडी तेच पिळायचे, तेही अंगणात, सगळ्यांच्या देखत. "गुरुजी, बायकूचं लुगडं?" असं कुणी चेष्टेनं विचारलं की म्हणायचे, "व्हय, तुमचं बी आणा." माझ्या बाळंतपणात बारामतीच्या दवाखान्याबाहेर दीड दिवस बाकावर बसून होते. जावयानं घरी जा म्हटलं तर त्यालाच चहा प्यायला पाठवलं. या माणसानं घर बघितलं नाही म्हणे!

त्यांच्या दोन वर्षांतलं एक सरलं आणि माझी बदली झाली. नवऱ्याची नोकरी बारामतीत, म्हणून मी तिकडच्या शाळा मागितल्या होत्या. मिळाली ती नेमकी तात्यांच्याच रिकाम्या जागेवर. घरात पेढे वाटले. तात्यांनी पहिल्या दिवशी मला खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "हितं बसायचं, बाई." शाळेच्या फाटकात मी बाई आणि ते गुरुजी, घरी गेल्यावर पोरगी आणि तात्या. हा नियमही त्यांचाच.

सुरुवातीला गोड वाटलं. मग टोचायला लागलं. खरं तेच सांगते, मी जळायला लागले. फळ्यावर मी घसा फोडून शिकवायची आणि पोरांचे डोळे व्हरांड्याकडं. एखादी आई यायची, मला ओलांडून जायची आणि म्हणायची, "गुरुजी, माझ्या पोरीला तुमच्याजवळच बसवा." एकदा मधल्या सुट्टीत मी फणकाऱ्यानं बोललेच, "तात्या, ही शाळा आता माझी आहे."

"तुझीच हाय की," ते म्हणाले. "मी आपला मागं राहिलेल्यास्नी बघतो. चार-पाच महिनेच राह्यलेत."

त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारीत, शाळा तपासायला साहेब आले. न सांगता आले. तात्या व्हरांड्यात एका लहान मुलीचं बोट धरून वाळूत अक्षर गिरवून घेत होते. साहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

रिटायर झालेला माणूस शाळेत शिकवतोय, परवानगी नाही, कागद नाही, आणि त्यात तो माझा बाप. नोटीस येणार, चौकशी लागणार, काय काय डोक्यात आलं.

"गावातलेच एक आजोबा आहेत," मी म्हणाले. "सहज येऊन बसतात."

तात्या तीन हातांच्या अंतरावर होते. त्यांनी मुलीचं बोट सोडलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि साहेबांना नमस्कार केला. म्हणाले, "ऊन खायला आलतो साहेब. निघतोच." पायऱ्या उतरले. मुलगी मागून ओरडली, "ओ गुरुजी, माझं राहिलंय अजून!" साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी हजेरीची पानं उलटत राहिले.

संध्याकाळी बारामतीला घरी पोचल्यावर मी तात्यांना फोन केला. काय बोलायचं हे काही ठरवलं नव्हतं. पण तेच आधी बोलले. म्हणाले, "अगं, गुडघा धरलाय माझा. आता काय शाळेकडं येणं व्हायचं न्हाय." मी म्हणाले, बरं, आराम करा. आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. शनिवारी तेल आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन गेले. त्यांनी कौतुकानं पट्टा बांधून दाखवला. पुढं प्रत्येक शनिवारी मी जाई तेव्हा तो त्यांच्या गुडघ्याला असायचाच. गप्पा व्हायच्या, कोण पोरगं वाचायला लागलं ते विचारायचे. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. प्रत्येक वेळी जाताना ठरवायची, आज माफी मागायची. आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परतायची. म्हटलं, बाप आहे, कुठं पळून जातोय!

मेअखेरीला एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. गाडी करून बारामतीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला माणूस मावत नव्हतं. त्यांचे विद्यार्थी, त्यांचीही पोरं, वर त्यांची नातवंडं. सगळ्यांनी भाषणं केली.

तेरावा झाल्यावर मी आणि आई दोघीच घरात होतो. मीच म्हणाले, "शेवटी तेवढी दोन वर्षं मनासारखी झाली असती बघ. गुडघ्यानं घात केला."

आई माझ्याकडं बघतच राहिली. "गुडघ्याला काय झालं व्हतं त्यांच्या?"

"म्हणजे?"

"अगं, रोज साडेधाला कालव्यापतुर चालत जायाचे. ह्या अंगाला कडंला बसायचे. तिथनं तुझ्या शाळंतल्या पोरांचा आवाज येतो म्हणं. शाळा सुटली की माघारी. सुट्टी लागली त्या दिशी घरात आले नि म्हणले, झाली बाई माझी दोन वर्षं. पट्टा तू यायच्या आधी बांधायचे."

कालवा शाळेपासून किती असेल? खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल, इतकाच. मी एकदाही खिडकीशी गेले नव्हते. मला रडू फुटलं आणि रडता रडता मी आईवरच ओरडले. तुला सगळं माहीत होतं तर मला का सांगितलं नाहीस? त्यांनी तरी का नाही सांगितलं?

"मला म्हणाले व्हते, पोरगी भ्याली, तिला कायबी बोलायचं न्हाय," आई म्हणाली. मग माझ्या पाठीवरचा हात तिनं काढून घेतला. "आणि त्यांनी न्हाय सांगितलं, पण तू तरी कुठं इचारलंस?"

नाही विचारलं. गुडघा खरंच धरलाय का, असं विचारलं असतं तर तात्या खरं बोलले असते. तेच मला नको होतं.