झोप झाली का, तात्या?

माझी थोरली बहीण, अक्का, चूल पेटायच्या आधी अंगणात जाऊन वडिलांना एकच प्रश्न विचारायची, "तात्या, झोप झाली का?" तात्या "व्हय" म्हणाले, की ती माझी वेणी घालून मला शाळेत पिटाळायची आणि पाठोपाठ स्वतः निघायची. "झोपून कुणाचं भलं झालंय गं?" असं म्हणून ते हसले, की ती दप्तर खुंटीला अडकवायची आणि ट्रॅक्टरची किल्ली कमरेला खोचायची. आई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. तेव्हा अक्का तेरा वर्षांची होती, मी आठ.

तात्यांना बायपोलर आजार होता. हे नाव आम्हाला फार उशिरा, बारामतीच्या डॉक्टरांकडून कळलं. तोवर आमच्या गावात, अंथुर्ण्यात, त्याला दोन नावं होती. तात्या महिनाभर गोधडी ओढून पडले, की 'आळशी'. उसळले, की 'दिलदार माणूस'. दिलदार तात्या गावाला फार आवडायचे. दिसेल त्याला जेवायला बोलवायचे, जत्रेत माईक सोडायचे नाहीत, आणि लोक टाळ्या पिटायचे. एका जत्रेला अक्का कमिटीतल्या आबांना सांगून आली, "आज तात्यांस्नी माईक देऊ नगा. तीन दिस त्यांच्या डोळ्याला डोळा लागला न्हाय." आबा म्हणाले, "बापाचं कौतुक बघवंना व्हय तुला?"

दहावीच्या गणिताच्या पेपराला ती निघाली, त्याच सकाळी तात्यांनी फळांनी लगडलेली डाळिंबाची बाग उपटायला काढली. तिथं त्यांना साऱ्या तालुक्यासाठी शाळा बांधायची होती. आमच्या ट्रॅक्टरची किल्ली अक्काकडे होती, म्हणून शेजाऱ्यानं हौसेनं आपला ट्रॅक्टर दिला. अक्का गणवेशातच त्याच्यापुढं उभी राहिली. तात्यांनी आणलेली जिलेबी खात बांधावर माणसं बसली होती, त्यातलं एकही उठलं नाही. "पोरगी लई तापट हाय," एवढंच म्हणाली. बाग वाचली. पेपर बुडाला, आणि पुढचं शिक्षणही. ती माणसं अजून भेटतात, हात जोडतात. मला त्यांचा राग येतो, आणि तो जावा असं मला वाटत नाही.

डॉक्टरांनी तात्यांबद्दल सगळं विचारलं. उत्तरं अक्कानंच दिली, तारीखवार. "हुशार आहे पोरगी," ते म्हणाले. पोरीची झोप होते का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. आईनं नाही, मीही नाही. "माझं काय, मी धडधाकट हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं आणि आम्हाला ते सोयीचं होतं.

तात्या जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात अक्काची लेक बारावीला कॉलेजात पहिली आली. अक्कानं पणदऱ्याला, तिच्या सासरी, साऱ्या आळीला पेढे वाटले. नवी साडी नेसली, शेजारणीच्या पाठीत थाप मारून खदाखदा हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी, तिनं वेणी घालून वाढवलेली तिची बहीण, तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अक्का, झोप झाली का तुझी?"

"झाली की," ती म्हणाली आणि पेढ्यांचं ताट तिनं खाली ठेवलं.

जन्मात तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी विचारला, तो असा.

आता तिचा फोन आला, की ती आधी तेच सांगते, "सात तास झोपलीय गं. बोलू का आता?"