सरासरी वेगाचं पाणी

रूपल वर्गात असायची आणि नसायचीही. सकाळी आईसोबत, येसूबाईंसोबत, बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि दुपारी माझ्या शिकवणीत खिडकीपाशी बसून उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघायची. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं गणित राहिलेलं. येसूबाईंनी बजावलं होतं, "आता नापास झालीस तं कुंभवलीला कंपनीत पॅकिंगला जायचं. ठेकेदाराला सांगून ठेवलंय." आणि या पोरीला शिकायचं होतं हो, अगदी मनापासून!

मी मीन व्हॅल्यू थिअरम शिकवत होते. पालघरहून बोईसरला गाडी सरासरी चाळीसच्या वेगानं आली, तर वाटेत कुठल्या तरी क्षणी काटा बरोब्बर चाळीसवर असणारच. एवढं सरळ! पुढचं उदाहरण एक्सच्या वर्गाचं. तो क्षण शोधायचा. आमच्या रूपलबाईसाहेबांनी दोन क्षण लिहिले.

"अगं शहाणे, इथं एकच येतो, ऐन मध्यावर!" मी खेकसले.

"पन मॅडम, भरतीचं पानी तं दोनदा येतं त्या सरासरी वेगाला. मध्यावर तं ते पळत असतं."

माझं डोकंच फिरलं. पण रविवारी मुरब्याच्या खाडीवर गेले तिच्यासोबत. पालथ्या होडीला टेकून बसलो. ओहोटीचं पाणी थबकलेलं, चिखलावर ऊन सांडलेलं. मग पाणी हळूच सरकायला लागलं, वेग धरू लागलं. "आता," रूपल कुजबुजली. पुढं ते असं धावलं, की बघता बघता चिखल दिसेनासा झाला. कधीतरी ते पुन्हा सुस्तावू लागलं. "परत आता." माझे डोळे जड झाले होते. दिवस कुठं गेला कळलं नाही. किती छान वाटत होतं, काय सांगू!

"खाडीचं तुझं खरं आहे गं," मी म्हटलं, "पण दर गणितात खाडी आणू नकोस. समोर दिलंय ते मांडून बघ."

"म्हंजे त्या गनिताचं पानी येगळं," ती हसली.

परीक्षेत नेमकं एक्सच्या वर्गाचंच उदाहरण आलं. बाहेर येऊन म्हणाली, "दोन लिवलेले मॅडम. मग मांडून बगितलं, नि दोनी खोडून मधला एकच लिवला."

निकालाच्या दिवशी रूपल पास झाल्याचं कळताच मी बाजार गाठला. येसूबाई फोनवर ठेकेदाराशी कडाकडा भांडत होत्या.

"नाय येनार ती! किती येळा सांगू? माजी पोर शिकतेय!"

मागं रूपल ओल्या हातांनी तोंड झाकून रडत होती. मीही रडले, भर बाजारात.