पंखातली फट

माझ्या नवऱ्याने विमान बांधायला घेतलं तेव्हा आम्ही रोह्याला, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. तरुणपणी तो हवाई दलात फिटर होता. तिथून सुटल्यावर इथल्या केमिकल कंपनीत मेन्टेनन्सला लागला आणि आमचं लग्न झालं. शिफ्ट संपली की शेजारचे लोक कॅरम खेळायचे, फार तर कुंड्यांना पाणी घालायचे. ह्याने क्वार्टरच्या मागे पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात अॅल्युमिनियमचे पाइप आणून टाकले. मला आधी वाटलं, दोडक्याला मांडव घालतोय.

विमान आहे हे कळल्यावर मी चिडले नाही, हे आजही कुणाला पटत नाही. मी चिडते, भरपूर चिडते, पण समोरची गोष्ट मला कुणी समजावून सांगितली नाही की. त्याने तसं केलं नाही. मी चहा घेऊन शेडमध्ये जायची आणि हे काय, ते कशाला, असं विचारत सुटायची. तो हातातला पाना न ठेवता उत्तरं द्यायचा.

विमान एका माणसापुरतं होतं. परदेशात म्हणे जंगलात, डोंगरात, नदीच्या गोट्यांवर उतरणारी लहान विमानं लोक घरी बांधतात. त्यांना विमानतळ लागत नाही, अंगणाहून जरा मोठी जागा पुरते. ह्याला तसलंच हवं होतं. कारण उघड होतं. आमच्या भागात एक तर डोंगर, नाही तर भातखाचरं, आणि मध्ये माड. सरळ, सपाट, लांबलचक जागा शोधून सापडायची नाही. तेव्हा विमानालाच थोडक्यात उठायला शिकवायचं, असा त्याचा हिशेब होता. उडवायचं लायसन आणि परवानगीचे कागद मुंबईला खेटे घालून त्याने उरकले. मग खरी मजा सुरू झाली.

आधी स्कूटरची चाकं लावली होती. ती काढून रुंद, मऊ टायर आले, आणि त्यांत हवा अर्धीच भरली, म्हणजे ढेकळांवरून चाक अडखळत नाही. पंखाच्या मागच्या कडेला खाली झुकणारी मोठी झडप बसवली. पंखांना ताणून कापड लावायचं होतं, ते काम माझ्याकडे आलं. ते कापड गरम इस्त्री फिरवली की आक्रसतं आणि ढोलकीसारखं तट्ट होतं. साड्या इस्त्री करायला कंटाळणारी मी, दोन्ही पंखांना इस्त्री केली.

शेवटी पंखाच्या पुढच्या कडेला त्याने अॅल्युमिनियमची लांब पट्टी बसवली. ती पंखाला चिकटलेली नव्हती. पट्टी आणि पंख यांच्यामध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर फट होती. मी विचारलं, ही राहिली का ठेवली? तो म्हणाला, ठेवली. विमान हळू जात असताना नाक वर केलं की हवा पंखाच्या पाठीवरून सुटून जाते आणि विमान खाली बसतं. या फटीतून हवा जोरात वर येते आणि पाठीला चिकटून राहते. म्हणून कमी वेगातही पंख उचलून धरतो. मला पटलं नाही. तेव्हा तो मला कुंडलिका नदीच्या काठी घेऊन गेला आणि बगळा दाखवला. बगळा उतरताना पाय लोंबकळत सोडतो, अंग उभं करतो, आणि त्याच क्षणी पंखाच्या पुढच्या कडेची लहान पिसं जरा उचलली जातात. तिथेही फट पडते. एवढी वर्षं बगळे बघत होते, पण ते पीस मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून ती फट मला आवडायला लागली.

जागा माझ्या मामाने दिली. पेणहून वडखळकडे जाताना खाडीच्या बाजूला त्याची खारजमीन होती. भात कापून झालं की त्या खाऱ्या मातीत दुसरं काही येत नाही, शेत पावसापर्यंत मोकळं. मामाने मधले लहान बांध सपाट करून दिले. पूर्वेच्या टोकाला विजेच्या तारा होत्या, म्हणून उडायचं ते पश्चिमेलाच, दुपारी खाडीकडून वारा येतो त्याला तोंड देऊन. आणि पश्चिमेच्या टोकाला भरतीचं पाणी अडवणारा मोठा बांध. त्या बांधाच्या आत विमान उठलं पाहिजे.

आणि हे सगळं त्याच एका मोसमात व्हायला हवं होतं. मामाने ती जमीन जिताडा माशाच्या तलावाला द्यायचं ठरवलं होतं. "शिमग्यानंतर पोकलेन येनार हाय गो," त्याने मला बजावलं. "तवर काय उडवायचं ते उडवा. मंग हितं पानीच पानी." दुसरी जागा आम्ही शोधून थकलो होतो. मामाच्या शेतातून उठलं नाही, तर ते विमान आयुष्यभर पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खाणार, हे नवऱ्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

राहिलं होतं फक्त रंगाचं. इस्त्री केलेल्या कापडाची भोकं बुजायला त्यावर एक-दोन पातळ हात द्यावे लागतात. माझ्या बाबांचा पेणला गणपतींचा कारखाना. विसर्जनानंतर तिथे बरीच जागा रिकामी असते, आणि रंगाची गन, कॉम्प्रेसर सगळं हाताशी. नवऱ्याने टेंपोतून पंख तिकडे नेले आणि कोपऱ्यातली जागा तेवढी मागितली.

बाबांविषयी सांगायला हवं. जावयासमोर ते मांडी घालून बसत नसत. जावई आला की खुर्ची पुसली जायची, बाबांचा आवाज खाली यायचा, आणि घरात मासळी आली की पहिला तुकडा त्याच्या ताटात. हाही तसाच. सासऱ्यांनी वाढलेलं नको म्हणायचा नाही, मग पोट फुटो. इतक्या वर्षांत त्या दोघांचं एकदाही भांडण झालं नव्हतं, आणि म्हणूनच मला वाटायचं की ते एकमेकांशी कधी बोललेच नाहीत.

"तुम्ही कशाला हात भरवता, जावईबापू," बाबा म्हणाले. "शिफ्ट सांभाळा. पंख माझ्यावर सोडा."

आम्ही आठवड्याने पेणला गेलो तर पंख ओळखू येईनात. बाबांना कापडाखालच्या बरगड्या दिसल्या होत्या, आणि जावयाचं विमान उपाशी दिसतं हे त्यांना सहन झालं नव्हतं. त्यांनी लांबीचा लगदा भरून सगळं गुळगुळीत केलं होतं. त्यावर पांढरा हात, त्यावर पितांबराचा पिवळा, कडेला केशरी शेड, वर वार्निश. आणि पुढच्या कडेची फट गायब होती.

आमच्या कारखान्यात मूर्तीचे हात वेगळे काढतात, मग धडाला जोडतात. तो जोड दिसता कामा नये. बाबा जोडावरून नख फिरवतात. नख अडलं तर कारागिराचं काही खरं नाही. पंखाच्या कडेला त्यांना लांबच लांब उघडा जोड दिसला. जावई घाईत बुजवायला विसरला, असं समजून त्यांनी त्यात डिंकात भिजवलेलं कापड ठासलं, वर लांबी ओढली आणि पॉलिश पेपरने असा घासला की नख सोडा, मुंगीलाही अडखळायला जागा राहिली नव्हती.

नवऱ्याने त्या कडेवरून हात फिरवला. बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. लहानपणी मी बाबांना डोळ्यांची आखणी करताना तासन्‌तास बघितलंय. मूर्तीचं सगळं झालं की अगदी शेवटी डोळे, आणि ते फक्त बाबांनी करायचे. ब्रश टेकला की ते पापणीसुद्धा लववत नसत. त्या दिवशी ते जावयाकडे तसे बघत होते.

"फारच सुंदर झालंय, बाबा," नवरा म्हणाला.

पंख बाबांच्या देखतच थेट मामाच्या शेतात उतरवले. परतीच्या टेंपोत मी विचारलं, फट कुठे गेली? तो म्हणाला, राहू दे, एवढ्या मायेने केलंय, मी हळूच काढून टाकीन. तू त्यांना काही बोलू नकोस. मी शब्द दिला आणि मूग गिळून बसले. हे मला अजिबात जमत नाही.

पण हळूच काढायला बाबा सवड देतील तर ना. मामाच्या शेतात विमान जोडल्यापासून ते रोज पहिल्या एसटीने पेणहून यायचे, घडीची खुर्ची उघडायचे आणि पंखांकडे बघत बसायचे. आल्यागेल्याला रंग कुठला, शेड कशी दिली ते सांगायचे. त्यांच्या देखत फट उकरायची नवऱ्याची छाती होत नव्हती. त्याने शेतात एके ठिकाणी बांबू रोवला. बांबूपर्यंत चाकं जमीन सोडत नाहीत तर इंजिन बंद करायचं, म्हणजे बांधावर आदळायची भीती नाही. रोज दुपारी विमान धावायचं, नाक वर करायचं, आणि बांबूपाशी येऊन थांबायचं.

बाबा म्हणाले, इंजिन कमी पडतंय. मामा म्हणाला, माती भुसभुशीत हाय. नवरा म्हणाला, माझंच वजन वाढलंय, आणि भात सोडून काकड्या खायला लागला. विमानाची गादी काढली, मग दारही काढलं. खरी गोष्ट सोडून सगळं काढून झालं. मला इतका राग यायचा की एकदा मी त्याच्या काकड्या म्हशीला घातल्या.

शिमगा जवळ आला तसा मामा येऊन तलावाच्या खुणा मारून गेला. त्या संध्याकाळी नवरा विमानाच्या शेपटीपाशी उकिडवा बसला होता. मला म्हणाला, एवढं तरी धावलं, पुष्कळ झालं. तो आवाज मी त्याच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. मी सरळ पेणची एसटी धरली.

बाबा साच्याला तेल लावत बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. ती फट चुकून राहिलेली नव्हती, मुद्दाम ठेवलेली होती. तिच्यातून हवा गेल्याशिवाय विमान एवढ्या जागेत उठायचं नाही. आणि वर लांबीचं ओझं आहे ते वेगळंच.

"त्यांना ठाऊक होतं?" बाबांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

बाबांनी तेलाचं बोट फडक्याला पुसलं आणि पुन्हा साचा पुढे ओढला. चहा टाकला तर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी शेतात त्यांची खुर्ची घडी घातलेलीच राहिली. मी काय केलंय ते नवऱ्याला सांगितलं. तो माझ्यावर ओरडला नाही, नुसता रस्त्याकडे बघत बसला. आपण दोन्ही घरं मोडली असं मला वाटायला लागलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा आले. खांद्याला हत्यारांची पिशवी होती. नवरा उठून उभा राहिला. बाबांनी पिशवी पंखाखाली ठेवली आणि त्याच्याकडे न बघता बोलले.

"जावईबापू, माझ्या कामात चूक निघाली की गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. तुम्ही गिऱ्हाईक नाय, म्हणून मी फसलो."

 मग बाबांनी विचारलं, फट केवढी होती? नवऱ्याने बोट दाखवलं. सगळीकडे सारखी, का कुठे निमुळती? खालून रुंद, वर निमुळती, नवरा म्हणाला, म्हणजे हवेला जोर येतो. मग कड धारदार हवी का गोल? इथे नवऱ्याला कंठ फुटला. तो मातीत बोटाने रेघा ओढून दाखवायला लागला आणि बाबा गुडघ्यावर बसून, चष्मा सारून, एकेक शंका काढायला लागले. बगळ्याची गोष्टही झाली. मी लांबून ऐकत होते. मला पडलेले सगळे प्रश्न बाबांनाही पडत होते. ही खोड माझ्यात कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं.

बाबांनी पातळ पात्याने फट मोकळी केली. कड पॉलिश पेपरने अशी गोल केली की नवऱ्यानेही आधी तशी केली नव्हती. मग लांबी, पिवळा, केशरी, सगळं कापडाला धक्का न लावता दोघांनी मिळून उतरवलं, भोकांत मुरलेला पातळ थर तेवढा ठेवला. पंख पुन्हा पांढरेफटक आणि बरगड्या दिसणारे झाले. पिवळी भुकटी मामाच्या शेतात पसरली होती.

वारा आला तेव्हा दुपार कलली होती. मामा कडेच्या बांधावर उभा राहिला. मी बाबांच्या खुर्चीमागे. विमान धावलं, नाक वर केलं, आणि बांबू यायच्या कितीतरी आधी चाकं सुटली. बांध त्याच्या खालून गेला. तिवरांतले बगळे ओरडत उठले. खाडीवर लांब वळण घेऊन ते परत आलं, हळू, फार हळू, चाकं लोंबकळत सोडल्यासारखं, आणि ढेकळांत टेकून जरासं धावून थांबलं. माझा जीव भांड्यात पडला.

नवरा उतरला आणि सरळ बाबांच्या पायाशी वाकला. बाबांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"अरे, परत एकदा जा," बाबा म्हणाले. "तू उठलास तेव्हा मी डोळे मिटले होते."